भिंतींनी प्यायलेली बिअर

थंडीच्या एका देशात, सफरचंदाच्या बागांमध्ये वसलेले एक गाव होते. तिथे बिअर वाऱ्यावर सोपवून करत. सातू आणि गहू पाण्यात शिजवायचे, हॉपच्या वेलीची जुनी, वाळकी फुले घालून तो काढा उकळत ठेवायचा आणि मग माळ्यावरच्या खोलीएवढ्या उथळ तांब्याच्या परातीत ओतायचा. झरोके उघडायचे आणि खाली निघून यायचे. दुधाला आपण विरजण लावतो तसे तिथे काही लावत नसत. सकाळपर्यंत काढा निवायचा. तो लाकडी पिंपांत भरला की काही दिवसांनी आपोआप फसफसू लागे. कुणीतरी येऊन गेलेले असे. बागेतून, तुळयांतून, जुन्या लाकडातून. इतके लहान, की कुणाच्या नजरेला कधी पडले नाही. मग ते न दिसणारे जीव पिंपाच्या अंधारात तीन वर्षे काम करत आणि त्या गोड काढ्याची आंबट, सोनेरी बिअर होई.

हे फक्त हिवाळ्यात जमे. उन्हाळ्याचा वारा बिअर नासवी.

या गावात तिबो नावाचा तरुण वडिलांची भट्टी चालवत होता. शेजारी ओडिलकाकूंची भट्टी होती. एकदा दवंडी पिटली गेली, की पुढच्या शरद ऋतूत राजा भट्ट्या पाहायला येणार.

तिबोने आपल्या माळ्याकडे पाहिले. तुळया काळ्या पडलेल्या, भिंतींवर बुरशीचे डाग, कोपऱ्याकोपऱ्यात कोळिष्टके.

"राजाला हे दाखवू?" तो म्हणाला.

"दाखव की. कोळी चिलटं खातात. डागांना आपण खाऊ घालतो, डाग आपल्याला," काकू म्हणाल्या.

"काकू, तुमच्या घरात झाडू नाही, म्हणून हे शास्त्र."

त्याने कोळिष्टके झाडली, तुळया तासल्या, भिंतींना चुना फासला. पिंपांतली होती ती बिअर विकून टाकली, जुनी पिंपे जाळून नवी आणली. माळा आरशासारखा लखलखू लागला.

हिवाळा आला. तिबोने काढा केला, परातीत ओतला, पिंपांत भरला. त्याने पिंपाला कान लावला. आत काहीच फसफसत नव्हते. काढा तसाच पडून राहिला आणि कुजला. दुसऱ्या खेपेचेही तेच झाले. दोन्ही खेपा त्याने नाल्यात ओतल्या. आता कोठारात एकाच खेपेपुरते सातू उरले होते आणि हिवाळा सरत आला होता. हीही खेप गेली, तर वडिलांची भट्टी बंद होणार होती.

तो काकूंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"घालवलंस ना सगळ्यांना?" काकू म्हणाल्या.

"घालवलं. परत कसं बोलवायचं?"

काकू तळघरात गेल्या. तिथे त्यांचे तीन वर्षांचे एकच पिंप होते, राजासाठी राखलेले. ते त्यांनी तिबोच्या मदतीने त्याच्या माळ्यावर चढवले. बूच काढले. सफरचंद, ओले गवत, जुने लाकूड असा वास पसरला. त्यांनी बादली भरली आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर फेकली.

"काकू, काय करताय? ती राजाची बिअर आहे."

"होती."

"अहो, पण तुम्ही राजाला काय देणार?"

"राजा एक दिवस येणार. तू जन्मभर शेजारी राहणार. बादली घे."

दोघांनी मिळून सगळे पिंप रिकामे केले. भिंती भिजल्या, तुळया भिजल्या. तळाचा गाळ काकूंनी नव्या पिंपांच्या आतून हाताने चोळला.

तिबोने शेवटचे सातू शिजवले. परात भरली, झरोके उघडले, खाली आला. पिंपे भरल्यावर तो रोज कान लावून बसे. एका सकाळी आतून आवाज आला, खूप लांब कुणीतरी कुजबुजावे तसा. मग पिंपाच्या तोंडातून पांढरा फेस हळूहळू वर आला. तिबोने डोक्यावरची टोपी काढली. समोर कुणीच नव्हते, तरी काढली.

शरद ऋतूत राजा आला. काकूंनी त्याला कोवळी, वर्षाचीही न झालेली बिअर दिली. राजाने तोंड वाकडे केले.

"जुनी नाही?"

"होती, महाराज. भिंतींनी प्यायली."

म्हातारीला भ्रम झाला असावा, असे समजून राजा हसला आणि निघून गेला.

तीन वर्षे गेली. तिबोच्या माळ्यावर चुना पिवळा पडला. झरोक्यापासून तुळईपर्यंत एका कोळ्याने जाळे विणले, तिबो त्याखालून वाकून जाऊ लागला. पहिले पिंप उघडले त्या दिवशी पहिला पेला घेऊन तो काकूंकडे गेला. काकूंनी घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले.

"माझ्याहून चांगली झाली की रे."

"भिंती तुमच्याच आहेत, काकू," तिबो म्हणाला.

तात्पर्य: कोणतेही चांगले काम एकट्याचे नसते, त्यात न दिसणारे असंख्य सोबती राबत असतात. मिरवण्यासाठी त्यांना हाकलू नये. आणि शेजाऱ्याने चुकून हाकललेच, तर आपल्याकडचे त्याला देताना हात आखडू नये.