झाडाचा अंगठा

“झाडाचा अंगठा आणायचा! उद्या दुपारपर्यंत. नाहीतर तुझं पोथीतलं पान फाडलं जाईल!” हंबीरराजे म्हणाले आणि त्यांनी विडा तोंडात टाकला. राजांनी विडा तोंडात टाकला की विषय संपला, हे सोनकुंडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

समोर उभी होती बुधी. रानातले कंद खणून बाजारात विकणारी. तिनं एकदा राजांकडं पाहिलं, एकदा चावडीवरून दरबारात आणून ठेवलेल्या पोथीकडं.

“महाराज, झाडाला अंगठा नसतो.”

“ते झाडानं बघावं!” राजे विडा चघळत म्हणाले.

सारी भानगड या पोथीची होती. राजांनी हौसेनं एक भली थोरली पोथी बांधवून चावडीवर ठेवली होती. ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं तिच्यात लिहावं, चितारावं. ज्याला हवं त्यानं पाहावं. वर्षभर छान चाललं. मग एका मोराच्या चित्रावरून दोघांत जुंपली. एक म्हणे मोर माझ्या डोक्यातला, दुसरा म्हणे माझ्या भिंतीवरचा. डोकंही फुटलं आणि भिंतही. तेव्हा पोथी सांभाळणाऱ्या त्र्यंबकपंतांनी नियम काढला : चित्र कुठून घेतलं ते खाली लिहायचं आणि ज्याच्यावरून घेतलं त्याचा अंगठा उमटवायचा. राजांना नियम भारी आवडला. त्यांनी तो सरसकट लावला.

तेव्हापासून पोथी रोडावू लागली. म्हशीचं चित्र काढणाऱ्यानं म्हैसच चावडीवर आणली आणि तिचा खूर उमटवला. पंतांनी खूर मान्य केला. शेजारची चार पानं मात्र त्यात गेली. नदी चितारणारा नदीवर जाऊन ओला कागद घेऊन आला. पंतांनी शेरा मारला, ‘अंगठा अस्पष्ट’, आणि पान टरकावलं.

आता पाळी बुधीच्या पानाची होती. त्यावर दोन वेल होते. एक कणगराचा, बदामाच्या आकाराच्या पानांचा. त्याचा कंद उकडून खावा. दुसरा कळलावीचा, पानाचं टोक दोऱ्यासारखं वळलेलं. त्याचा कंद खाल्ला की माणूस उरत नाही. गेल्या भादव्यात बुधीची धाकटी बहीण कणगर समजून हाच कंद खाऊन गेली होती. कुणाला विचारायला मिळालं असतं तर ती जगली असती, हे बुधीच्या मनातून जात नव्हतं. म्हणून तिनं ते पान काढलं होतं. रानाला जाणाऱ्या बाया आता आधी चावडीवर येऊन ते बघून जात. पान फाटलं तर पुन्हा कुणाची तरी बहीण जाणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुधी दरबारात आली ती डोक्यावर टोपली घेऊन.

“आणलास अंगठा?” पंतांनी विचारलं.

“न्हाई. पर महाराज, एक इचारू? झाडाच्या बदली साक्षीदार चालंल का? ह्यो येल त्योच हाय असं जीव गहाण टाकून सांगणारा?”

राजांना गंमत वाटली. “जीव गहाण टाकणार असेल तर त्याच्याहून मोठा अंगठा कुठला? चालेल! पण असा वेडा तुला मिळणार कुठं?”

“मिळालाय की. पंत हायेत.”

“मी?” पंत उडालेच. “मी का म्हणून?”

“नियम कुणाचा?” राजांनी विचारलं.

बुधीनं टोपलीतून दोन पत्रावळी काढल्या. दोन्हींवर सोललेल्या, उकडलेल्या पांढऱ्या फोडी होत्या. एकीशेजारी तिनं कणगराचा वेल ठेवला, दुसरीशेजारी कळलावीचा.

“पंत, चार फोडी खावा. कुठल्या बी पत्रावळीतल्या. तुमच्या मर्जीनं.”

पंतांनी फोडींचा वास घेतला. दोन्हींचा सारखाच. त्यांनी एक वेल उचलला, ठेवला, दुसरा उचलला. शेवटी पंत उठले, पोथीपाशी गेले आणि त्यांनी बुधीचं पान उघडलं. नाक टेकवून एकेक रेघ पाहिली. परत आले. वेलाच्या पानांची टोकं बोटांनी चाचपली. पुन्हा पोथीपाशी गेले. असे तीन हेलपाटे झाल्यावर त्यांनी बदामी पानांच्या वेलाजवळची फोड उचलली, देवाचं नाव घेतलं आणि गिळली. मग आणखी तीन.

“हीच का उचलली पंत?” बुधीनं विचारलं.

“चित्रात स्पष्ट दिसतंय ना! हाच कणगर!”

“तुमचा जीव कशावर सोपवलात?”

“चित्रावर!” पंत म्हणाले आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बुधीनं पदर खोचला. “महाराज, झालं न्हवं? सोत्ताच्या जिवासाठी पंतांनी अंगठा मागितला न्हाई. मग पोथीनं कशाला मागावा?”

राजे हसू लागले आणि एकदम थांबले. “अगं पण बये, पंतांनी दुसरीकडची उचलली असती तर?”

बुधीनं शांतपणे कळलावीच्या वेलाजवळची फोड तोंडात टाकली आणि मचमच चावली.

“दोन्हीकडं कणगरच हाय, महाराज. येल तेवढा निराळा ठेवला. मी कंद इकती, पंतांना मारून माझं गिऱ्हाईक कशाला कमी करू?”

आता मात्र राजांना आवरेना. ते लोडावर कलंडून हसले, प्रधान हसले, चोपदाराच्या हातची काठी गळून पडली. पंत तेवढे हसले नाहीत. ते पोट चाचपत होते.

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बुधीला दिलं. फाडलेली सगळी पानं पंतांनी स्वतः खळ लावून चिकटवावीत, असा हुकूमही सोडला.

“पण महाराज,” पंत चाचरत म्हणाले, “या चित्राखाली लिहू तरी काय?”

राजे डोळे पुसत म्हणाले, “लिहा : मूळ, सोनकुंडचं रान. चितारणारी, बुधी कंदवाली. खात्री, त्र्यंबकपंतांचं पोट! आणि त्याखाली अंगठा उमटवा, तुमचाच!”