सातव्या ठशाचा रुपया

फार वर्षांपूर्वी एका डोंगरी राज्यात पहिली टांकसाळ निघाली. पोलादी ठशावर चांदी ठेवून हातोड्याने रुपये पाडत. घाव सोसून ठसा झिजला की कारागीर नवा कोरी. काम हाताचे, त्यामुळे रुपयावरचा घोडा कधी शेपूट उडवी, कधी खाली सोडी. असे सात ठसे झाले. सातवा दुसऱ्याच दिवशी तडकला आणि टांकसाळ बंद पडली.

चाळीस वर्षांनी त्या राज्यात हैबतराव नावाचे गृहस्थ हे रुपये जमवू लागले. जत्रा, बाजार, सोनारांची दुकानं पालथी घालून त्यांनी सहा ठशांचे रुपये मिळवले. सातवा काही सापडेना. त्याची खूण मात्र ऐकून ठाऊक होती: घोड्याच्या मानेवर तड्याची बारीक रेघ.

एकदा राजाने दवंडी पिटवली, "दरबारी नाणेपारखी नेमायचा आहे. ज्याच्याकडे जुने रुपये असतील त्याने घेऊन यावे."

हैबतरावांच्या मनात आले, कोणी सातही आणले तर? त्यांनी जवळचा एक जादा रुपया घेतला, सुईने घोड्याच्या मानेवर रेघ ओढली आणि वर काजळी चोळली.

दरबारात राजाने साळूबाईंना बोलावले होते. त्यांचे वडील ठसे कोरत, लहानपणी त्या स्वतः भाता ओढत. सातव्या रुपयावरून त्यांनी बोट फिरवले.

"राव, ही रेघ खोल आहे."

"मग? तडा गेलाच होता ना?"

"तडा ठशाला गेला होता. त्यात चांदी शिरायची, म्हणून रुपयावर रेघ उठून यायची. हा तर ओरखडा आहे."

हैबतरावांची मान खाली गेली. "मीच ओढला, महाराज. पण बाकीचे सहा खरे आहेत."

साळूबाईंनी सहाही निरखले. "खरे आहेत. माझ्या बापाच्या हातचे."

राजा म्हणाला, "सहा तर दुसऱ्या कोणाकडेच नाहीत. तेवढेच आणले असते, तर आज तुम्हालाच नेमलं असतं."

नेमणूक साळूबाईंची झाली. हैबतराव रुपये घेऊन घरी परतले. पुढे ते बघायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी हळूच विचारी, "यातला खरा कोणता?"

तात्पर्य: एक खोटे मिसळले की आपल्या खऱ्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो.