पिराच्या पायरीशी मुकी गाडी

“बाबा, हिला कुणाची नजर लागली म्हणायची, का माझाच पायगुण वाईट?”

“चहा घेशील?” दाऊदबाबा म्हणाले.

“मी काय विचारतोय, बाबा...”

“ऐकलं की. दूध संपलंय. कोरा चालेल का, तेवढं सांग.”

असा हा विचारणारा महिपती, आणि असे हे न सांगणारे दाऊदशा फकीर. महिपती राहायचा खाली बंदराच्या गावात. फकीर राहायचे वर कवठ्याच्या घाटमाथ्यावर, पिराच्या पायरीशी. महिपतीला एक बायको होती, तिचं नाव सुगंधा. एक गाडी होती, तिचंही नाव सुगंधा. आणि त्या दिवशी दोघींतली एकही त्याच्या दारात नव्हती.

एक माहेरी. दुसरी मिस्त्रीच्या शेडमध्ये, इंजिन उतरवून.

म्हणून तर गडी एसटीनं आला होता. ज्या घाटात तो एसटीला हॉर्न मारून मागं टाकायचा, त्याच घाटात आज खिडकीशी मान खाली घालून बसला होता.

गाडी घेतली तेव्हा सुगंधाला सातवा लागला होता. रंग तिनंच पसंत केला, निळा. पोट सावरत शोरूमभर फिरली आणि म्हणाली, “हा घ्या. लांबनं दिसेल. मी माहेरच्या ओट्यावरनं ओळखीन.” महिपतीनं पुढच्या काचेवर तिचं नाव रंगवून घेतलं, ठळक, चारी बाजूंनी वेलबुट्टी काढून. माहेर घाटाच्या वर, पठारावर. बाळाला न् बाळंतिणीला याच गाडीतून घरी आणायचं, हे तेव्हाच ठरून गेलेलं.

तोवर गाडीनं मासळी वाहायची. बंदरावर बर्फात भरायची, घाट चढायचा, वरच्या बाजारात उतरवायची. मासळी कुणासाठी थांबत नाही. म्हणून तर त्यानं टर्बोवाली गाडी घेतली होती. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनाला जादा हवा पाजतो, मग भरलेली गाडीसुद्धा चढाला दमत नाही.

पण टायरांवरचे रबराचे केस झिजायच्या आत तो पंखाच गेला. आधी कुकरसारखी शिट्टी. मग निळा धूर. मग ऐन वळणावर ओढच गेली. कंपनीनं नवा टर्बो बसवून दिला. तोही गेला, आणि जाताना त्याचे तुकडे इंजिनात घुसले. आता सगळं इंजिनच खोललं होतं.

बाजारातले हमाल त्याला बघितलं की सुरू व्हायचे.

“काय रे म्हैपती, सुगंधा आज पण बसली का?”

“कुठली विचारतोस? माहेरातली का गॅरेजातली?”

महिपती पण त्यांच्याबरोबर हसायचा. हसता हसता बर्फाची पेटी उचलायचा आणि तोंड तिच्याआड धरायचा.

वामन मिस्त्रीनं त्याला समोर बसवून विचारलं होतं, “गाडी बंद कशी करतोस?”

“चावीनं.”

“शहाणा आहेस. घाट चढून आल्या आल्या बंद करतोस का, ते विचारतोय. अरे, इंजिन थांबलं तरी आतला पंखा लगेच थांबत नाही. तो गरगरतच असतो. आणि इंजिन थांबलं की त्याचं तेल बंद. मग तो कोरडाच फिरतो, आतल्या आत तापतो, जळतो. बंद करायच्या आधी जरा नुसती चालू ठेवत जा. दम खाऊ दे तिला.”

“ठेवतो की. रस्त्यात कुठंही मी अशी बंद करत नाही. आईशप्पथ.”

आणि ते खरं होतं.

हे सगळं महिपतीनं बाबांना सांगितलं. कोरा चहा तसाच हातात निवत राहिला. बाबा चुलीतली लाकडं मागं ओढत होते.

“रस्त्यात कुठंही नाही?” बाबांनी विचारलं.

“कुठंही नाही.”

“आणि इथं?”

“इथं...” महिपती जरा ताठ झाला. “इथला रिवाज वेगळा, बाबा. माझा बाप याच घाटात ट्रक चालवायचा. तो सांगायचा, पिराच्या दारात गाडीनं गुरगुरायचं नाही. पायरीशी आलं की एका झटक्यात मुकी करायची. मग चपला काढायच्या.”

“बापाच्या ट्रकला टर्बो होता?”

“नव्हता.”

“हं...”

“पण पिराच्या दारात काही वाईट व्हायचं नाही बाबा. उलट मी तर शेवटच्या वळणाला जास्तच दाबतो. भरली गाडी तडक वर, पायरीशी ब्रेक, चावी फिरवली की सगळं चिडीचूप. तुमचा मान म्हणून.”

“माझा मान...” बाबा म्हणाले. “घाटभर बोंबलत येतोस. मला इथं बसून ऐकू येतं, महिपती निघाला. आणि दारात आलास की गप. मला वाटायचं, माझ्यावर रुसतो का काय हा.”

महिपतीला हसू आलं नाही.

“सुगंधा कशी आहे?” बाबांनी विचारलं.

“मिस्त्री म्हणतो, आठवड्यात होईल.”

“मी बायकोचं विचारलं.”

...

खाली घाटात कुठंतरी एसटीचा हॉर्न वाजला. परतीची गाडी.

बायकोचं काय सांगणार? पोर जन्मली, आणि पाचवी पुजायच्या आधीच गेली. निरोप मिळाला तेव्हा महिपती भरली गाडी घेऊन घाटातच होता. तसाच सासरवाडीला गेला. अंगणात गाडी उभी केली, आत डोकावला. भिंतीकडं तोंड करून सुगंधा पडली होती. कोपऱ्यात धुतलेली दुपटी घडी घालून ठेवली होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला. छाती भरून आलेली, आणि त्याच्या तोंडून निघालं, “बर्फ वितळेल. मी निघतो.”

आणि निघाला.

नंतर बरेचदा गेला आणायला. अंगणात उभा, हातात चावी. “चल,” म्हणायचा. ती म्हणायची, “आज नको.” हा लगेच मागं फिरायचा. घरी आला की तिच्या खुंटीकडं बघत जेवायचा. तिथं आता नुसती तिची एक जुनी पिशवी लटकत होती, ती त्यानं कुणाला हलवू दिली नव्हती.

“ती येत नाही, बाबा,” महिपती म्हणाला. “मला वाटलं होतं, ही गाडी एकदा धड झाली की हिच्यातनंच आणीन. पण गाडी धड होत नाही. म्हणून विचारतोय, नजर कुणाची ते सांगा. लिंबू म्हणा, नारळ म्हणा, काय सांगाल ते करतो.”

बाबा उठले. पिराच्या दाराशी एक चाफा आहे. त्याच्या फांद्यांना लाकडाचे चिमुकले पाळणे टांगलेले असतात, तळहाताएवढे. मूल व्हावं, नीट व्हावं म्हणून बायका बांधून जातात. काही नवे रंगीत, काही उन्हापावसानं पांढरे पडलेले. बाबांनी त्यातल्या एकाला बोट लावलं.

“हा ओळखतोस?”

“नाही.”

“तुमच्या घरचा आहे. सुगंधा बांधून गेली होती, माहेरी जाताना. तू तेव्हा खाली टायरमधली हवा बघत होतास.”

निळा रंग दिला होता त्याला. गाडीच्याच रंगाचा.

“हलव,” बाबा म्हणाले.

महिपतीनं एका बोटानं पाळणा हलवला. एसटी वळणावर आली होती. कंडक्टरनं लांबनंच आवाज दिला, “चला घाटाखाली, चला!” महिपतीनं हात काढून घेतला, आपली पिशवी उचलली आणि वळला.

“महिपती.”

“जी?”

“थांबला का तो?”

महिपतीनं मागं बघितलं. रिकामा पाळणा आपला हलत होता.

“नाही.”

“मग तू निघालास कुठं?”

...

एसटी आली, उभी राहिली, गेली.

महिपती चाफ्याखाली उभा होता. वारा नव्हता, तरी इवलासा पाळणा थांबता थांबेना. त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. बाबांनी पाठ फिरवली आणि चुलीवर परत आधण ठेवलं.

पुढं गाडी झाली. मिस्त्रीनं नवा टर्बो बसवला, इंजिन बांधलं, तेल बदललं. महिपतीनं त्या दिवशी मासळी भरली नाही. रिकामी गाडी घेऊन घाट चढला, आणि पायरीशी आल्यावर पहिल्यांदाच चावीला हात लावला नाही. गाडी पिराच्या दारात हळू घुरघुरत राहिली. त्याला फार चोरट्यासारखं झालं. बाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. हातानंच खूण केली, बस तसाच.

तिथनं तो पठारावर गेला, सासरवाडीला. जाताना आणखी एक चढ लागतो.

सुगंधा अंगणात नाचणी पाखडत होती. निळी गाडी तिनं लांबनंच बघितली होती, पण सूप खाली ठेवलं नव्हतं. महिपती उतरला. हात रिकामे. चावी गाडीतच, गाडी चालू.

सासूबाई दारात आल्या. “अगं बाई, जावईबापू! आन् गाडी का बंद करत नाही? लगेच निघायचंय का आजपण?”

“नाही मामी. बसतो जरा.”

तो जमिनीवरच बसला, नाचणीच्या ढिगाशी. सासूबाई पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या, आणि बराच वेळ त्यांना तांब्या काही सापडेना.

“अहो, बंद करा ती,” सुगंधा म्हणाली. “डिझेल जळतंय.”

“जळू दे. चढ चढून आलीय. एकदम बंद केली की आतनं जळते.”

सूप थांबलं.

“कुणी सांगितलं?”

“मिस्त्रीनं मागंच सांगितलं होतं. मला आत्ता ऐकू आलं.”

गाडी घुरघुरत होती. दाणे टिपायला कोंबडी आली, तिला दोघांनीही हाकललं नाही.

“तिला...” महिपतीनं ढिगातला एक दाणा उचलला. “तिला केस होते का गं?”

सुगंधानं त्याच्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत असं कुणीच विचारलं नव्हतं. सगळे म्हणायचे विसर, सगळे म्हणायचे पुढचं बघ.

“होते की,” ती म्हणाली. “तुमच्यासारखेच. किती तेल लावा, उभेच्या उभे.”

“आणि डोळे?”

“उघडले होते. एकदा तर माझ्याकडं बघून जांभई दिली तिनं. एवढंसं तोंड...”

मग ती बोलत गेली. महिपती ऐकत गेला. मध्येच तिचं बोलणं थांबायचं, तेव्हा गाडीचा आवाज तेवढा यायचा.

“नाव काय ठेवणार होतीस?”

तिनं सांगितलं. ते त्या दोघांचंच. इथं सांगायचं कारण नाही.

केव्हातरी सुगंधा उठली, पदरानं तोंड पुसलं, गाडीपाशी गेली. बॉनेटवर हात ठेवून बघितलं, खिडकीतून आत वाकली आणि तिनंच चावी फिरवली.

त्या दिवशी महिपती परतला नाही. सासूबाईंना तांब्या सापडला. भाकरी झाली, नाचणी भरून झाली. त्यानं “चल” म्हटलं नाही.

सकाळी तो गाडीची काच पुसत होता, तर आत आधीच कुणी बसलेलं. मांडीवर गाठोडं.

“चला,” सुगंधा म्हणाली. “पण घाटात हळू.”

त्यानंतर ते इंजिन काही खोलावं लागलं नाही. हमालांनी चिडवायला दुसरा कुणी शोधला. घरातली खुंटी भरली. आणि एक वर्ष आड गेलं न् त्यांच्या घरात मुलगी रांगायला लागली. तिची पाचवी पुजली गेली, बारसं झालं, साऱ्या बंदराला घुगऱ्या वाटल्या. दुपट्यातून बाहेर आलेलं तिचं जावळ असं, की किती तेल लावा, उभंच्या उभं.

लेकीला घेऊन दोघं पिराच्या पायरीशी आली. चाफ्याला बांधायला नवा पाळणा आणला होता, आणि बाबांसाठी दुधाची बरणी.

“आज कोरा नको, बाबा,” महिपती खिडकीतून म्हणाला.

गाडी पायरीशी हळू घुरघुरत होती. सुगंधा खाली उतरली. कडेवर पोर. नवा पाळणा बांधायला फांदी शोधता शोधता तिचं बोट जुन्या निळ्या पाळण्याला लागलं. तो हलला. ती तिथंच उभी राहिली. पोरीनंही मान वळवून तिकडं बघितलं.

महिपतीचा हात चावीवर होता.

“बाबा, झाली असेल आता थंड. करू का बंद?”

दाऊदबाबा चाफ्याकडं बघत होते.

“तो थांबू दे आधी...”