सुपातला नकाशा

फार फार वर्षांपूर्वी, रस्त्यांना अजून नावं नव्हती आणि माणसं विचारत विचारतच परगावी पोचायची, तेव्हाची ही गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. गावाभोवती जंगल इतकं दाट की शेजारचं गाव ऐकू यायचं, पण दिसायचं नाही.

त्या गावात एक म्हातारा वाटाड्या राहायचा. जंगलातली प्रत्येक पायवाट त्याला तोंडपाठ होती. त्याच्या बापालाही होती आणि आज्यालाही. बाकीच्या गावाचं काय? गाव पिढ्यान् पिढ्या वाटाड्याच्या पाठीकडे बघत चालायचं. पुढे तो, मागे सगळे. त्यामुळे शंभर वेळा जंगल ओलांडूनही वाट कुणाला ठाऊक नव्हती. ज्याला त्याला फक्त वाटाड्याची पाठ ठाऊक होती.

वर्षातून एकदा गाव देवीच्या जत्रेला निघायचं. निघताना पाटील सगळ्यांसमोर मानाचा विडा वाटाड्याच्या हातात ठेवायचे. तो विडा तोंडात टाकून म्हातारा पहिलं पाऊल टाकायचा, मग गाव हलायचं. खरं सांगायचं तर म्हातारा वर्षभर जगायचा तो त्या एका विड्यासाठी.

अशात गावात एक कासारीण येऊन राहिली. जन्मभर बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ती गावोगाव हिंडली होती. आता गुडघे बोलायला लागले, म्हणून तिनं फिरणं सोडलं. पाटलांनी तिला देवळामागची खोली दिली आणि म्हणाले, "आमची पोरं दिवसभर उनाडतात. त्यांना चार गोष्टी शिकव."

कासारणीजवळ शिकवण्यासारखं एकच होतं, वाटा. तिनं एक जुनं सूप घेतलं, शेणानं सारवलं आणि ओलं असतानाच त्यात फुटक्या बांगड्यांचे तुकडे रोवायला लागली. पोरं भोवती गोळा झाली.

"हे आपलं गाव," ती म्हणाली आणि मधोमध एक पिवळी काच रोवली. "निळी काच म्हणजे पाणी. हिरवी म्हणजे मोठं झाड. लाल काच दिसली की समजायचं, तिथं जीवाला धोका. आणि एका काचेपासून दुसरीपर्यंत एक बोट अंतर असेल, तर चालायची शंभर पावलं."

"पण मावशी, जायचं कुठल्या बाजूला ते कसं कळणार?" एका मुलीनं विचारलं.

"सूप पाखडताना धरतेस तसं धर. बंद बाजू पोटाशी, उघडं तोंड पुढं. आता सुपाचं तोंड उगवतीकडे कर. झालं! सुपात जी काच डाव्या हाताला, ती जागा जंगलातही डाव्या हाताला."

हे विचारणारी मुलगी होती वाटाड्याचीच नात. सात वर्षांची होती, पण प्रश्न सत्तर वर्षांच्या माणसासारखे विचारायची.

पोरांना तर खेळच मिळाला. रोज पावलं मोजत विहिरीपर्यंत जायचं, ओढ्यापर्यंत जायचं, परत येऊन काच रोवायची. चुकली तर काढायची आणि पुन्हा मोजायला जायचं. कासारणीचा नियमच होता, "जिथं पाय लागला नाही, तिथं काच लावायची नाही."

वाटाड्या ओट्यावर बसून हे बघायचा आणि हसायचा. "पी हळद आणि हो गोरी! चार दिवस पावलं मोजून कुणी वाटाड्या होतं का?"

पण एके दिवशी एक पाहुणा गावात आला. त्याला कुंभारांच्या वस्तीवर जायचं होतं. असा पाहुणा आला की तो थेट वाटाड्याच्या ओट्यावर यायचा, पाणी प्यायचा, दोन गोड शब्द बोलायचा आणि मग वाट विचारायचा. हा मात्र आला नाही. वाटेतच नातीनं त्याला गाठलं, सूप दाखवलं, बोटं मोजली. पाहुणा "शाब्बास पोरी!" म्हणाला आणि बरोबर वस्तीवर पोचला.

पाटील चारचौघांत म्हणाले, "पोरं हुशार झाली हो कासारणीच्या हाताखाली! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

चारचौघे हसले. वाटाड्याच्या पोटात मात्र जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. हातात बांगड्या भरणारी बाई, ती काय वाटा शिकवणार? आणि तिच्या ओट्यावर बसते कोण, तर माझीच नात! बाळांनो, मत्सराला अन्न लागत नाही की पाणी लागत नाही. त्याला दुसऱ्याचं कौतुक ऐकू आलं की पुरतं. म्हातारा घास घेताना कासारणीला आठवायचा आणि घास कडू लागायचा. पोरांचं हसू कानावर आलं तरी त्याला वाटायचं, मलाच हसतात.

होता होता सूप भरत आलं. एकच कोपरा मोकळा राहिला. जंगलात आत एक जुना पिंपळ होता. त्याच्यापुढे वाटेला दोन फाटे फुटायचे. एका फाट्यावर झरा होता आणि दुसऱ्यावर उंच गवतानं झाकलेला कडा. तिथं वाटाड्याशिवाय कुणी जात नसे.

पोरांनी कासारणीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तिथं तुम्ही पाय ठेवायचा नाही. आजोबांना विचारा. त्यांचा शब्द म्हणजे आपण चालून आल्यासारखंच आहे. त्यांच्यासाठी मी माझा नियम मोडते."

केवढा मान दिला तिनं! पण मत्सरानं कान भरले की मानही टोमण्यासारखा ऐकू येतो. म्हाताऱ्याला वाटलं, आता ही माझ्या डोक्यातली शेवटची वाटही काढून घेणार.

नात सूप घेऊन समोर उभी राहिली. "आजोबा, पिंपळाच्या पुढं झरा कुठल्या हाताला?"

झरा उजव्या हाताला होता. वाटाड्या म्हणाला, "डाव्या."

"आणि कडा?"

"उजव्या."

नातीनं जीभ दातात धरून डावीकडे निळी काच रोवली आणि उजवीकडे लाल. म्हाताऱ्यानं स्वतःची समजूत घातली, तिथवर कोण जातंय माझ्याशिवाय? आणि गेलंच कुणी, तर कडा बघून पाण्यावाचून परत येईल आणि मग कळेल गावाला सुपाची किंमत!

जत्रेचा दिवस जवळ आला. पाटील वाटाड्याला म्हणाले, "दादा, यंदा पोरांनाही सूप घेऊन तुमच्या शेजारून चालू द्या की. त्यांनाही हुरूप येईल."

झालं. म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आज शेजारी, उद्या पुढे! परवा विडाही त्यांनाच! जत्रेच्या दिवशी उजाडताच त्यानं पाण्याचा भोपळा उचलला. सुनेनं विचारलं, "मामंजी, आज कुठं निघालात?"

"झऱ्यावर," म्हातारा फणकाऱ्यानं म्हणाला. "बघू गावाचं पाऊल कसं हलतं माझ्यावाचून."

तो झऱ्यावर पोचला आणि भोपळा भरायला वाकला. इतक्यात शेवाळावरून पाय सटकला आणि दोन दगडांच्या मध्ये घट्ट अडकला. ओढून बघितला, पिळून बघितला. पाय सुजत गेला आणि दगड काही हलेनात.

ऊन वर आलं. म्हातारा वाट बघत होता. आणि अखेर पिंपळाकडून माणसांचे आवाज आले. त्यात पाटलांचा आवाज होता आणि सगळ्यांच्या पुढे नातीचा.

"पिंपळ आला! आता सुपाचं तोंड उगवतीला. निळी काच डाव्या हाताला. आजोबा झऱ्यावर गेलेत, म्हणजे डावीकडे चला!"

डावीकडे गवत होतं आणि गवतापलीकडे काहीच नव्हतं. म्हातारा जीव खाऊन ओरडला, "तिकडे नको! उजवीकडे या!"

पावलं थांबली. कुणीतरी म्हणालं, "दादांचा आवाज उजवीकडून येतोय."

"उजवीकडे लाल काच आहे," नात म्हणाली. "आजोबांनी स्वतः सांगितलंय. आवाज कड्यावर आपटून घुमत असेल."

"अगं, मी विसरलो होतो! चुकून सांगितलं!" म्हातारा ओरडला.

यावर पोरीचा आवाज घाबराघुबरा झाला. "माझे आजोबा वाट विसरतील? कधीच नाही! हा चकवा आहे. त्यांचा आवाज काढून आपल्याला कड्याकडे नेतोय. चला लवकर, आजोबांना काहीतरी झालंय!"

आणि गवत सळसळायला लागलं. पोरीचा जीव जात होता, तो तिच्या आजोबांवरच्या विश्वासापायी. आता अब्रू राखणारा एकही शब्द कामाचा नव्हता.

"पाटील!" म्हातारा फुटक्या आवाजात ओरडला. "मी विसरलो नाही! मी जाणूनबुजून खोटं सांगितलं! कासारणीचा मत्सर केला मी! पोरांचं सूप खोटं पडावं म्हणून झरा डावीकडे सांगितला! तिकडे कडा आहे, माझ्या नातीला धरा!"

मग पाटील हळूच म्हणाले, "थांब पोरी. चकवा दुसऱ्याला फसवेल, पण भर माणसांत स्वतःची लाज कशाला काढेल? हे दादाच आहेत." त्यांनी काठीनं पुढचं गवत बाजूला केलं. चार पावलांवर जमीन संपली होती आणि खाली, खोल, झाडांचे शेंडे दिसत होते.

माणसं उजवीकडे वळली. त्यांनी दगड हलवून म्हाताऱ्याचा पाय सोडवला. म्हाताऱ्यानं मान वर केली, तेव्हा त्याला पाटलांच्या हातात पानात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं.

"तुमचाच विडा आहे," पाटील म्हणाले. "तुमच्या हातात दिल्याशिवाय जत्रा निघायची नाही, असं कासारीण म्हणाली. सकाळपासून गाव वेशीवर उभं आहे."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो लहान मुलासारखा रडला.

नात त्याच्याजवळ येऊन बसली. तिनं नखानं दोन्ही काचा उपटल्या, थुंकी लावून शेण ओलं केलं आणि काचा जागा बदलून पुन्हा रोवल्या. ती रागावली नव्हती, हेच म्हाताऱ्याला सोसवेना. मग तिनं सूप त्याच्यासमोर धरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजोबा, लहानपणापासून तुम्ही मला सांगितलेल्या बाकीच्या वाटा तरी खऱ्या आहेत ना?"

"खऱ्या आहेत गं बाळे. सगळ्या खऱ्या आहेत."

"बरं," नात म्हणाली.

पुढे म्हातारा खूप वर्षं जगला. पोरांना त्यानं त्याला ठाऊक असलेली एकूण एक वाट सांगितली. पोरंही मान डोलावून ऐकायची, "हो आजोबा" म्हणायची. आणि मग एकेक करून उठायची, काठी घ्यायची आणि तो म्हणाला ते खरं आहे का, हे स्वतः बघून यायची.

म्हणून लक्षात ठेवा: मत्सरापोटी जो एक खूण खोटी सांगतो, त्याच्या शंभर खऱ्या खुणाही लोक तपासूनच घेतात.