ढगोबाची चौकट

एकदा काय झालं, एका डोंगरात ढगोबा नावाचा राक्षस राहायचा. शर्वरी, आधी पाय पांघरुणात घे. हं. तर हा ढगोबा माणसंबिणसं खायचा नाही बरं का. डाळ-तांदूळच खायचा, पण हंडा हंडा. आणि होता अगदी एकटा. आई नाही, बाप नाही, भांडायला भाऊसुद्धा नाही.

डोंगराखाली एक गाव होतं. संध्याकाळ झाली की घराघरांत दिवे लागायचे, पानं मांडली जायची आणि बोलण्याचा आवाज वर गुहेपर्यंत यायचा. ढगोबा कान देऊन ऐकत बसायचा. त्याला फार वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी जेवायला बोलवावं. पण गावातली दारं पडली लहान. मग त्याच्या डोक्यात बसलं, की आपण जाड आहोत म्हणून आपल्याला कुणी बोलवत नाही. बारीक झालो की बोलवतील.

मग त्याने काय केलं, गावातल्या दारांच्या मापाची एक लाकडी चौकट केली आणि गुहेबाहेर उभी केली. रोज सकाळी तिच्यातून जाऊन बघायचा. रोज अडकायचा.

एक दिवस खालच्या वाटेने एक गोसावी चालला होता. तो लांबूनच ओरडला, "भात सोड. भातानेच अंग फुगतं." ढगोबाने भात सोडला. पण भूक कुठे सुटते? भाताच्या जागी तो टोपलीभर भाकऱ्या खायला लागला, वर गुळाची अख्खी ढेप. चौकटीत अडकायचा तो अडकायचाच.

मग आला एक व्यापारी. त्याने बैलगाडीतूनच सांगितलं, "तेल-तूप बंद कर. थेंबसुद्धा नको." ढगोबाने तेही बंद केलं. टाचा फुटल्या, अंग कोरडं पडलं, घास घशाखाली उतरेना. चौकटीत मात्र अडकलाच.

मग आला एक पैलवान. तो म्हणाला, "कोमट पाण्यात लिंबू पीळ, मध घाल, तेवढंच पी. सगळी चरबी वितळून जाते." ढगोबा तेवढ्यावर राहिला. पोट आत गेलं खरं, पण डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. चौकटीपर्यंत चालत जायचंही त्राण उरलं नाही. तिघांनी लांबूनच सांगितलं बरं का. जवळ बसून, बाबा रे, तू काय खातोस, कसा खातोस, असं एकानेही विचारलं नाही.

शेवटी एक दिवस तो ओढ्यावर पाणी प्यायला गेला आणि तिथेच आडवा झाला.

ओढ्यावर सगुणामावशी धुणं धूत होती. अगदी वाळलेली म्हातारी, तिचंही कुणी नव्हतं. बाकीच्या बायका पळाल्या. ही नाही पळाली. घरी गेली आणि तांदळाची मऊ पेज घेऊन आली, वर चमचाभर तूप, मिठाची चिमूट.

"भात नको. तूप नको," ढगोबा पुटपुटला. "मी जाड होईन. तो गोसावी सांगून गेला."

"सगळं गाव भात खातं. सगळं गाव काय तुझ्याएवढं झालं? एका वेळी खातोस तरी किती?"

"हंडा रिकामा होईपर्यंत."

"पोट भरलेलं कळत नाही तुला?"

"कळतं. पण थांबलं की गुहेत आवाजच नसतो, मावशी. खातो तोवर निदान चावल्याचा तरी येतो."

मग ढगोबानेच विचारलं, "तू गं किती खातेस?"

"मी? शिळी भाकरी पाण्यात बुडवते, झालं. एकटीसाठी कुठे चूल पेटवायची? आणि म्हाताऱ्या माणसाला लागतंच किती?"

"हे तुला कुणी सांगितलं? त्या गोसाव्यानेच का?"

मावशीला हसू आलं. किती दिवसांनी आलं, तिचं तिलाच आठवेना.

मग ती रोज ओढ्यावर जेवण आणू लागली. भात, वरण, पालेभाजी, थोडं तूप, सगळं बेताबेताने. दोघं मिळून जेवायची. बोलत बोलत जेवलं की हंडा लागत नाही, पोट आपणच पुरे म्हणतं. ढगोबा तिचं पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, डोंगर चढायचा-उतरायचा. त्याच्या अंगात ताकद आली, आणि गेलेली ढेरी काही परत आली नाही. मावशीचे गाल भरले.

एक दिवस मावशी म्हणाली, "उद्या घरी ये जेवायला."

ढगोबाला जन्मात पहिल्यांदा कुणी बोलावलं. त्याने ओढ्यात अंघोळ केली, केस विंचरले आणि गेला. दारात वाकला, एक खांदा आत घातला. दुसरा जाईना. तिरका झाला, श्वास कोंडून धरला. नाही म्हणजे नाहीच. आत वाढलेली दोन ताटं दिसत होती. तो अंगणात मटकन बसला आणि रडायला लागला. "मावशी, एवढं करून मी जाडच राहिलो."

"जाड नाहीस रे. तू मोठा आहेस," मावशी म्हणाली. "ढेरी कमी होते, हाडं कशी कमी होतील? आणि व्हायला कशाला हवीत?"

मग तिने दोन्ही ताटं उचलली, उंबरा ओलांडला आणि अंगणात त्याच्याशेजारी येऊन बसली.

ढगोबा ताटाकडे बघतच राहिला. एवढं सोपं होतं, आणि इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं.

मग काय, दुसऱ्या दिवशी शेजारची पोरं आपापली ताटं घेऊन आली. पोरांना शोधत त्यांच्या आया आल्या, त्याही बसल्या. ढगोबाने ती चौकट डोंगरावरून आणली, मावशीने तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला, आणि त्या दोडक्यांची भाजी सगळ्यांच्या पानात पडली. ढगोबा कुठल्याच दारातून कधी आत गेला नाही. पण एकट्याने जेवलाही नाही. सगळी सुखाने राहिली.

चला, डोळे मिटा आता. आणि सकाळी न्याहारीला एकेकटे येऊ नका, सगळे एकदम या. मलाही एकटीला घास जात नाही.