पत्रिका तश्शीच हवी

गोष्ट फार जुनी नाही, पण संगणकाच्या हिशेबात पुराणकाळातलीच. बाबल केरकरांच्या छापखान्यातल्या संगणकावर नवी प्रणाली आली आणि तिच्याबरोबर लग्नपत्रिका जुळवणारा नवा प्रोग्रॅमही आला. कोपऱ्यातल्या जुन्या प्रोग्रॅमला पाहून तो म्हणाला, "आजोबा, अजून इथेच? आज मालक तुम्हाला उडवणार आहेत."

"उडवू देत बाबा," जुना म्हणाला. "जन्मभर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' लिहून कंटाळलोय."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "थोरलीच्या लग्नात छापलेली, तश्शीच पत्रिका हवी. फक्त नावं बदला."

नव्या प्रोग्रॅमने ऐटीत ती जुनी पत्रिका उघडली. त्याला ती अक्षरं वाचताच येईनात. गणपतीच्या जागी चौकोन आले आणि वधूच्या जागी प्रश्नचिन्हं. गिऱ्हाईक दाराकडे वळलं, तसं केरकरांनी घाईघाईने जुन्याला उठवलं. पत्रिका जशीच्या तशी उघडली, आणि त्याला उडवायचा बेत रद्द झाला.

"जिंकलात तुम्ही," नवा हिरमुसून म्हणाला.

"कसलं जिंकणं! सुटका होणार होती, तीही गेली. पुढच्या पत्रिका आता तू जुळव. उद्या लोक त्याही तशाच्या तशा मागायला येतील, आणि मग तुलाही कुणी सुखाने मरू देणार नाही."