दगडात कोरलेली चाल

एका नदीच्या अलीकडच्या गावात एक तांबट होता. दिवसभर हंडे-कळश्या ठोकायचा आणि संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचा. पलीकडच्या गावात एक वैद्य होता. तो दिवसभर मुळ्या कुटायचा आणि संध्याकाळी बुद्धिबळच खेळायचा. दरवर्षी जत्रेत या दोघांचा सामना व्हायचा. जो जिंकेल त्याच्या गावाला चांदीचा वजीर मिळायचा, वर्षभर मिरवायला.

सात वर्षं तो वजीर पलीकडच्या गावात मुक्काम ठोकून होता. अलीकडचे लोक तांबटाला तोंडावर काही बोलत नसत. पण हंड्याचा पोचा काढायला आले की "वैद्यबुवा काय खेळतात हो!" असं हटकून म्हणत. मग त्या बिचाऱ्या हंड्यावर दोन घाव जास्त पडत.

आठव्या वर्षी नवल झालं. डाव ऐन रंगात आला असताना तांबटाने आपला हत्ती उचलला आणि थेट वैद्याच्या राजाच्या पुढ्यात नेऊन ठेवला. शह! वैद्याला वाटलं, फुकटचा हत्ती मिळतोय, सोडायचा कशाला? त्याने राजानेच तो मटकावला आणि तिथेच तो फसला. घराबाहेर पडलेल्या राजाला तांबटाने पटभर पळवलं आणि शेवटी एका साध्या प्याद्याने मात केली. प्यादेमात! अशा विजयाचा मान सगळ्यांत मोठा.

मग काय विचारता! गाव नुसतं नाचलं. तांबटाची बैलगाडीतून मिरवणूक निघाली. हलवायाने पेढ्यांवर हत्तीचा छाप उठवला आणि ते दुपारच्या आत संपले. तांबटाची बायको तर पाणी भरायला जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने जाऊ लागली, लोकांनी विचारावं म्हणून. पाटलांनी जाहीर केलं, "हत्तीची चाल झाली त्या घटकेला पट जसा होता, तसाच्या तसा दगडात कोरून चावडीसमोर बसवायचा!"

त्यासाठी पाथरवट आला. त्याला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"तांबटदादा, तुम्ही पट मांडा. मी बघून कोरतो," तो म्हणाला.

तांबटाने हौसेने पट मांडला. हा माझा हत्ती, हा त्यांचा राजा, हे माझं प्यादं. पाथरवट बोटाने एकेक मोहरा मोजत होता.

"वैद्यबुवांचा एक घोडा मेला म्हणालात. दुसरा कुठाय?"

"असेल कुठेतरी. त्याचं काही काम नव्हतं."

"काम नसेना का! मला प्रत्येक घर कोरायचंय. भरलेलं कुठलं, रिकामं कुठलं, ते सांगायला नको?"

तांबटाने डोळे मिटले आणि पहिल्या चालीपासून सगळा डाव मनात पुन्हा खेळला. तो घोडा अख्ख्या डावात हललाच नव्हता. राजापासून एक घर सोडून, आपल्या मूळच्या घरात उभा होता. तांबटाने तो तिथे ठेवला आणि बोटाने त्याची चाल मोजली.

तिथून घोड्याला हत्ती मारता येत होता! राजाला घर सोडायची गरजच नव्हती. तसं झालं असतं तर हत्ती फुकट गेला असता आणि तांबट आठव्यांदा हरला असता. हे ना वैद्याला दिसलं होतं, ना जत्रेतल्या शेकडो लोकांना, ना खुद्द तांबटाला.

"सांगा, कुठे कोरू?" पाथरवटाने छिन्नी सरसावली.

घोडा फक्त एक घर बाजूला सरकवला की चाल बिनचूक ठरत होती. कोण कुठे होतं हे आता कोणाच्या लक्षात होतं? आणि खरं सांगायचं तर तांबटाने तो घोडा सरकवलासुद्धा. सात वर्षांनी मिळालेला मान कोणाला नकोसा असतो? पण मग तो पटाकडे बघत बसला. गळका हंडा मेण लावून विकावा, तसं त्याला वाटलं. असा हंडा त्याने आयुष्यात कधी विकला नव्हता.

त्याने घोडा परत त्याच्या मूळच्या घरात ठेवला. "इथेच कोर," तो म्हणाला.

दगड बसवायच्या दिवशी दोन्ही गावं लोटली. पाटलांनी कापड ओढलं, टाळ्या कडाडल्या, आणि तांबट हात जोडून पुढे झाला.

"मंडळी, माझी ही चाल चुकीची आहे. वैद्यबुवांनी राजाऐवजी घोड्याने हत्ती मारला असता, तर मीच हरलो असतो."

टाळ्या थांबल्या. पाटलांचा चेहरा उतरला. वैद्य लगबगीने पुढे आला, दगडापाशी वाकला, घोड्यावर बोट ठेवून घरं मोजली आणि कपाळावर हात मारून जो हसत सुटला, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"अरे, माझाच घोडा आणि मलाच दिसला नाही!"

"मग वजीर आमचा!" पलीकडच्या गावातलं कोणीतरी ओरडलं.

"गप रे!" वैद्य म्हणाला. "घोडा माझा होता, डोळेही माझेच होते. नाही दिसला म्हणजे हरलो. तांबटा, पट आण. पुढे काय झालं असतं ते बघू तरी!"

तिथेच दगडाशेजारी पट मांडला. लोक गराडा घालून बसले. कोणी म्हणे उंट काढा, कोणी म्हणे प्यादं रेटा. कधी पटाला हात न लावलेल्या एका आजीबाईंनी वजिराची अशी चाल सुचवली की दोघेही खेळाडू पुन्हा पटावर वाकले. जेवणं गार झाली तरी कोणी उठेना.

"पण पाटील म्हणून मी विचारतो," पाटील कुरकुरले, "चुकीचं कोणी स्मारक करतं का? फोडायचा का हा दगड?"

"फोडता कशाला? खाली एक ओळ कोरा," वैद्य म्हणाला.

पाथरवटाने कोरलं: 'या चालीत एक चूक आहे. शोधा.'

तेव्हापासून त्या दगडापाशी रोज कोणी ना कोणी डोकं खाजवत उभं असायचं. बघता बघता दोन्ही गावांचा खेळ असा सुधारला की राजधानीतले खेळाडूही त्यांच्याशी जपून खेळू लागले.

पुढच्या जत्रेत वैद्य जिंकला. पलीकडच्या गावाने त्याला खांद्यावर घेतलं, तर तो वरूनच ओरडला, "आधी खाली उतरवा मला! तांबट कुठाय? माझं कुठे चुकलं ते आम्हाला बघायचंय!"

तात्पर्य: हरल्यावर चूक सगळेच शोधतात, जिंकल्यावरही जो आपली चूक शोधतो आणि चारचौघांत दाखवतो, तो स्वतः वाढतो आणि चौघांनाही वाढवतो.